उदयपूर दाखवताय, मग तिथलं पाणीही दाखवा : सहल संयोजकांना खुले पत्र

प्रति,
सातारा, वाई, कराड, विटा, सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांतून राजस्थानच्या सहली नेणारे सर्व संयोजक,
तसेच ज्येष्ठ नागरिक संघांचे आणि महिला मंडळांचे पदाधिकारी,

स.न.वि.वि.

दिवाळी झाली की आपल्या भागातून राजस्थानच्या बसगाड्या निघतात. पत्रकावर उदयपूर असतंच, पुढे ‘तळ्यांचं शहर’ असंही छापलेलं असतं. खाली मात्र सिटी पॅलेस, सहेलियों की बाडी, मोती मगरी, बोटिंग, खरेदी आणि एक मुक्काम. म्हणजे तळ्यांच्या शहरात जाऊन तळी तेवढी फोटोच्या मागच्या बाजूला येतात. उदयपूरचा कार्यक्रम नव्याने बांधावा आणि तो पाण्याच्या वाटेने बांधावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आपल्याकडच्या प्रवाशाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले याची चर्चा पावसाळाभर पारावर चालते. साताऱ्याचा माणूस तर कासच्या डोंगरातून उताराने आलेल्या पाण्यावर वाढलेला. अशा लोकांना पिछोला तळ्याच्या काठावर नेऊन फक्त राणांचा महाल दाखवायचा आणि तळं कुठून भरतं, कुठून सांडतं हे सांगायचंच नाही, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

आधी आकार बघा. पिछोला चार किलोमीटर लांब आहे आणि डोळ्यांना अथांग वाटतो. त्यात मावतं मात्र साधारण ४८३ दशलक्ष घनफूट पाणी, म्हणजे अर्धा टीएमसीही (अब्ज घनफूट) नाही. कोयना १०५ टीएमसीची. उंची वाढवल्यानंतरचा आपला कास तलाव सुमारे अर्ध्या टीएमसीचा, म्हणजे जवळपास पिछोल्याएवढाच. एवढ्याशा साठ्याच्या काठाने एक राजधानी चारशे वर्षं नांदली. ती कशी, हे समजलं तर महाल, घाट, बागा सगळ्यांचा अर्थ लागतो.

पिछोला शहराच्या आधीचा आहे. चौदाव्या शतकात महाराणा लाखा यांच्या काळात एका बंजाऱ्याने तो बांधला असं मानतात. महाराणा उदयसिंह दुसरे यांनी १५५९ मध्ये इथे राजधानी वसवली तेव्हा बांध वाढवून, दगडी करून तळं मोठं केलं. त्याला पाणी येतं नैर्ऋत्येकडून, सीसारमा नदीतून. पावसाळ्यात तिथली वर्तमानपत्रं सीसारमा आज किती फूट वाहते हे रोज छापतात, जसं आपल्याकडे कोयनेचं आणि आयर्विनचं छापून येतं. पिछोल्याची पूर्ण पातळी ११ फूट. हा आकडा तळ्याची खोली सांगत नाही, तो मोजपट्टीवरची उंची सांगतो. आयर्विनला ४० फूट म्हणजे तिथून नदी ४० फूट खोल असा अर्थ आपणही काढत नाही. हे एक वाक्य बसमध्येच सांगून टाका, नाहीतर ‘अकराच फूट?’ हा प्रश्न हमखास येतो.

पिछोल्याच्या उत्तरेला रंगसागर आणि स्वरूपसागर ही दोन छोटी तळी त्याला जोडलेली आहेत. स्वरूपसागरापासून एक जोडकालवा फतेहसागरात जातो. पिछोला भरत आला की पाणी या कालव्याने फतेहसागरात सोडता येतं. फतेहसागराची स्वतःची आवकही आहे, ती मदारच्या तलावांकडून कालव्याने येते. त्याची पूर्ण पातळी १३ फूट. दोन्ही भरले की स्वरूपसागराचे आणि फतेहसागराचे दरवाजे उघडतात. ते पाणी आयड नदीतून शहराच्या पूर्वेला उदयसागरात जातं, त्याची पातळी २४ फूट. उदयसागरातून बाहेर पडताना नदीचं नाव बेडच होतं. ती चित्तोडच्या बाजूने जाऊन बनास नदीला मिळते आणि पुढे चंबळ, यमुना, गंगा. दुसऱ्या दिवशी तुमची बस चित्तोडला जाते, तिथे गडाजवळ हीच नदी भेटते. एवढं सांगितलं तरी दोन वेगळी ठिकाणं एका दोरीत ओवली जातात.

आता आपल्या लोकांचे कान टवकारतील अशी गोष्ट. उदयपूरच्या पश्चिमेच्या डोंगरात पाणलोट दुभंगतो. अलीकडचं पाणी बनासकडे, पलीकडचं साबरमतीकडे, म्हणजे खंभातच्या आखाताकडे. महाबळेश्वरच्या माथ्यावर कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते तसंच. देवास प्रकल्पात पलीकडच्या खोऱ्यात धरणं बांधून ते पाणी बोगद्यातून अलीकडे, पिछोल्याकडे वळवलं आहे. कोयनेत आपण नेमकं उलटं केलं. पूर्वेला जाणारं पाणी डोंगराखालून पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं आणि ते वीज करून वाशिष्ठीत गेलं. पाटणचा किंवा कराडचा प्रवासी ही तुलना ऐकल्यावर बोटीत गप्प बसणार नाही, तोच उरलेल्यांना समजावून सांगेल.

ही साखळी डोळ्यांनी दिसावी म्हणून पहिलं ठिकाण उंचावरचं ठेवा. दूधतलाईपासून करणीमातेच्या टेकडीवर रोपवे जातो. वरून पिछोला, त्यातली बेटं, काठावरचा सिटी पॅलेस आणि मागचे डोंगर एका नजरेत येतात. गुडघेदुखीवाल्यांनाही हे जमतं. सज्जनगड त्याहून उंच आहे आणि तिथून फतेहसागरही चांगला दिसतो. (आपल्या सज्जनगडाशी याचा संबंध नाही. महाराणा सज्जनसिंह यांनी १८८४ मध्ये पावसाळी महाल म्हणून हे काम सुरू केलं.) पण तो अभयारण्याच्या हद्दीत आहे. मोठी बस वर जात नाही, पायथ्याच्या फाटकाशी उतरून जीप धराव्या लागतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी तिथे रांग लागते आणि चाळीस जणांचा गट तुकड्या-तुकड्यांनी वर पोहोचतो. निम्म्यांना सूर्य दिसतो, निम्म्यांना अंधार. नेणारच असाल तर दुपारी साडेतीनलाच फाटकाशी पोहोचा, नाहीतर रोपवेवर समाधान माना.

नावेबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पत्रकावर नुसतं ‘बोटिंग’ असतं आणि स्वस्त, सोयीचं म्हणून गट फतेहसागरात फिरवला जातो. परत येताना माणसं विचारतात, पाण्यातला तो पांढरा महाल कुठे होता? तो जगनिवास पिछोल्यात आहे. महाराणा जगतसिंह दुसरे यांनी तो १७४३ ते १७४६ मध्ये बांधला. आता तिथे हॉटेल आहे आणि तिथे न राहणाऱ्याला आत प्रवेश नाही, नाव बाजूने जाते. उतरता येतं ते जगमंदिर बेटावर. धक्क्यावर दगडी हत्तींची रांग आहे. शाहजहान बादशाह होण्याआधी, बापाशी बंड केल्यावर, त्याने इथे आसरा घेतला होता. १८५७ मध्ये नीमचहून पळून आलेल्या इंग्रज कुटुंबांनाही महाराणांनी इथेच ठेवलं. जगमंदिरला जायचं तर सिटी पॅलेसच्या आवारातल्या रामेश्वर घाटावरून नाव घ्यावी लागते. दूधतलाईच्या बाजूच्या नावा वेगळ्या. तिकीट काढण्याआधी नाव बेटावर थांबणार का, हे विचारा. सूर्यास्ताच्या फेरीचा दर दिवसाच्या फेरीपेक्षा चढा असतो, पण सकाळच्या फेरीत पॅलेसची पाण्याकडची बाजू निवांत पाहता येते आणि गर्दीही कमी.

सिटी पॅलेसची वेळ बदला, ही आमची सगळ्यात आग्रहाची सूचना. बहुतेक गट नाश्ता, आवराआवर करून अकराला पोहोचतात. संग्रहालयाची वाट एकमार्गी आहे, अरुंद जिने आणि ठेंगणी दारं. मध्येच दमलेल्या माणसाला मागे फिरता येत नाही, कारण मागून लोंढा येत असतो. सकाळी दार उघडताच आत शिरलात तर तीच वाट दीड तासात आरामात होते. ज्यांना जिने जमणार नाहीत त्यांना आधीच वेगळं काढा आणि एका माणसासोबत खालच्या चौकात बसवा. जिन्यात निर्णय घेऊ नका.

आत मोरचौकातले काचेचे मोर सगळे दाखवतात. आमची विनंती आहे की बडी महालाच्या बागेत पाच मिनिटं जास्त थांबा. तीन-चार मजले चढून गेल्यावर समोर अचानक जुनी झाडं उभी दिसतात आणि मध्ये संगमरवरी हौद. गच्चीवर एवढी झाडं कशी वाढली? ती गच्चीच नाही. पॅलेस एका टेकडीला चारी बाजूंनी वेढून बांधला आहे आणि तुम्ही त्या टेकडीच्या माथ्यावर उभे आहात. झाडांची मुळं खडकात गेली आहेत. बाहेर त्रिपोलिया दरवाजापाशी दगडी तोरणं आहेत, तिथे राणांची सोन्या-रुप्याने तुला होत असे. महालाने टेकडी धरली, टेकडीजवळच्या बांधाने पाणी धरलं आणि बांधाखाली शहर वसलं. हा बांध १७९५ मध्ये फुटला तेव्हा शहराचा मोठा भाग वाहून गेला होता. १९६१ चं पानशेत ज्यांना आठवतं त्यांना बांधाखालच्या शहराचं भय सांगावं लागत नाही.

पॅलेसमधून बाहेर आलं की जगदीश मंदिर चालत पाच मिनिटांवर. १६५१ चं, महाराणा जगतसिंह पहिले यांच्या काळातलं. पायऱ्या ३२ आणि उंच आहेत, त्याही पत्रकात छापा. तिथून गणगौर घाट उतारावर. घाटाला लागून बागोरची हवेली आहे, सायंकाळी सातला तिथे लोकनृत्याचा कार्यक्रम असतो. बहुतेक बैठक जमिनीवर. जागा मर्यादित असल्यामुळे माणूस तासभर आधी रांगेत उभा करावा लागतो. ज्येष्ठांचा गट असेल तर हा कार्यक्रम वगळून दाईजीच्या पुलावरून पायी पलीकडे अंबराई घाटावर जा. दिवे लागल्यावर सगळा राजवाडा पाण्यात उतरलेला तिथूनच दिसतो. मोठी बस या जुन्या भागात येत नाही. रिक्षांची सोय आदल्या रात्री करून ठेवा आणि परतीची जागा एकच ठरवा, कारण गल्ल्या सारख्या दिसतात आणि माणसं चुकतात.

सहेलियों की बाडी ही फतेहसागराच्या बांधाखालची बाग. महाराणा संग्रामसिंह दुसरे यांनी अठराव्या शतकात ती करवली. इथल्या कारंज्यांची मूळ रचना पंपाशिवायची. वरच्या तळ्याचं पाणी नळांतून खाली येतं आणि त्याच दाबाने उसळतं. माळी चावी फिरवतो, छतावरून पाऊस पडल्यासारखी धार सुरू होते, लोक टाळ्या वाजवतात आणि पुढे जातात. थांबून सांगा की तळं वर आहे, बाग खाली आहे आणि मधला उतार हेच इंजिन. मग इथून थेट फतेहसागराच्या बांधावर जा, म्हणजे दोन्ही टोकं जुळतात. तळं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, महाराणा जयसिंह यांचं. पुराने बांध गेला, तो महाराणा फतेहसिंह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा बांधला आणि नाव बदललं. तळ्यातल्या एका बेटावर सौर वेधशाळा आहे. सभोवती पाणी असल्यामुळे जमीन तापून हवा थरथरत नाही, सूर्याचं चित्र स्थिर मिळतं, म्हणून ती तिथे.

आणि नाथद्वारा. तिथे तुमचा वेळ सर्वांत जास्त वाया जातो. श्रीनाथजींचं दर्शन सलग नसतं, दिवसभरात ठरलेल्या आठ झाक्या, म्हणजे थोड्या थोड्या वेळाची दर्शनं असतात. दुपारी राजभोगाच्या (मध्यान्हीच्या नैवेद्याच्या) झाकीनंतर पट बंद होतो तो उत्थापनापर्यंत, म्हणजे विश्रांतीनंतरच्या झाकीपर्यंत. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्याव्या लागतात. गट दुपारी एकला पोहोचतो आणि तीन तास बाजारात भटकतो. याच तीन तासांत सतरा-अठरा किलोमीटरवर कांकरोलीला राजसमंद तळ्याच्या नौचौकी पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन येता येतं. महाराणा राजसिंह यांनी सतराव्या शतकात दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणूनही हे तळं बांधायला घेतलं. आपल्याकडे माणदेशात दुष्काळी कामांवर खडी फोडलेली पिढी आहे, तिला हे वेगळं पटेल. पाळीवरून पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात, कोरीव मंडप आहेत आणि कोनाड्यांमधून २५ शिळांवर राजप्रशस्ती हे संस्कृत काव्य कोरलं आहे. राजवंशाचा इतिहास तर त्यात आहेच, शिवाय हे तळं कसं झालं तेही आहे. धरणाची माहिती धरणावरच, काव्यात. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीवरचा वीरूबाईंचा शिलालेख ज्यांनी वाचला असेल त्यांनी इथे जरूर यावं. एक काळजी घ्या. दुपारच्या उन्हात संगमरवर डोळ्यांवर येतो आणि अनवाणी पाय भाजतात. टोपी आणि पाणी बसमध्ये राहू देऊ नका.

वाटेत एकलिंगजी आहे, तिथेही दुपारी दार बंद. तिथल्या वेळाही विचारून सकाळी निघण्याची वेळ ठरवली तर एकलिंगजी, राजभोगाचं दर्शन, कांकरोली असा क्रम बसतो. उशीर झाला की दर्शनं हुकतात.

केव्हा जायचं? तळी भरतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तीही दरवर्षी नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात पिछोला इतका आटला होता की जगनिवासकडे तळातून गाड्या जात होत्या. दिवाळीच्या आठवड्यात गुजरातची सुट्टी असते, उदयपूर तुडुंब भरतं, खोल्यांचे दर चढतात आणि रस्ते अडतात. तुळशीचं लग्न लागल्यावर निघा. तेव्हापासून माघापर्यंत पाणीही असतं आणि हवाही. शाळांच्या सुट्टीसाठी मे महिन्यात सहली नेणं मात्र बंद करा. पारा चाळिशीच्या पुढे आणि तळ्यांच्या कडेला चिखल उघडा, त्या दिवसांत ‘तळ्यांचं शहर’ असं छापणं ही प्रवाशांची फसवणूक होते.

रस्ता आपल्याला नवा नाही. साताऱ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, सुरत, वडोदरा, अहमदाबाद करत उदयपूरलाच जातो. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे मध्ये एक मुक्काम हवाच. अहमदाबादहून २०२२ पासून ब्रॉडगेजची गाडीही आहे. ती असारवा स्थानकातून सुटते, कालुपूरच्या मुख्य स्थानकावर वाट बघत बसू नका.

सोबत आचारी नेणाऱ्यांना एक आवर्जून सांगणं. खरकटं पाणी, निर्माल्य, कणकेचे गोळे, पाव यांतलं काहीही घाटावर किंवा पाण्यात जाऊ देऊ नका. माशांना खाऊ घालण्यात पुण्य वाटतं, पण न खाल्लेली कणीक तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि शेवाळ वाढतं. या तळ्यांचं पाणी शहर पितं. जानेवारी २०२५ मध्ये रामसर कराराखाली पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळालेल्या भारतातल्या पहिल्या दोन शहरांत इंदूरसोबत उदयपूर आहे.

तेव्हा पुढच्या हंगामाचं पत्रक छापताना उदयपूरला दोन पूर्ण दिवस आणि नाथद्वारा-कांकरोलीला तिसरा द्या. एक मुक्काम वाढला तर खर्च वाढेल, तो जयपूरमधली खरेदीची दुपार कापून भरून काढता येतो. स्थानिक गाइड ठरवताना त्याला आधी एवढंच विचारा की स्वरूपसागराचे दरवाजे उघडल्यावर पाणी कुठे जातं. उत्तर आलं नाही तर दुसरा बघा. आणि पत्रकाच्या मागच्या पानावर पिछोला, स्वरूपसागर, फतेहसागर, आयड, उदयसागर असा साधा रेषांचा नकाशा छापा, त्यात प्रत्येक तळ्याची पातळी फुटांत. उरलेली चर्चा तुमचे प्रवासी बसमध्ये स्वतःच करतील.

कळावे,
आपले,
मेवाडच्या तळ्यांचे सातारा-सांगलीतील अभ्यासक